तीन ठिपके, एक तिरकी रेघ आणि तुमचा कोट

नाही काका, कोट हरवलेला नाही. हरवला, हरवला असं तुम्ही काल फोनवर चार वेळा म्हणालात, आणि पाचव्यांदा म्हणायच्या आत मी फोन ठेवला (ठेवला नाही, पडला, पण तुम्हाला ठेवल्यासारखा ऐकू आला असेल तर माफी). हरवलेली वस्तू म्हणजे जिचा ठावठिकाणा कुणालाच माहीत नाही अशी. तुमचा कोट कुठे आहे हे मला, लाँड्रीच्या मालकाला, इस्त्रीवाल्यांना आणि आमच्या ऑफिसातल्या सातही जणांना नीट माहीत आहे. लाँड्रीच्या मागच्या खोलीत, डाव्या हाताच्या लोखंडी कपाटात, एका हँगरवर, एकटा. कपाटाला काच आहे, त्यातून दिसतो. परवा मी त्याला हात केला. फक्त तो बाहेर काढता येत नाही, एवढंच. आणि का काढता येत नाही हे फोनवर दोन वाक्यांत सांगता येत नाही, म्हणून हे पत्र. तुम्ही म्हणालात, दोन वाक्यांत सांगता येत नाही याचा अर्थ चूक तुझी आहे. मान्य. पण कुठली, ते तरी ऐकून घ्या.

तर, तीर्थरूप काका, आता नमस्कार घ्या, भांडणाच्या भरात वर लिहायचा राहिला. काकूलाही सांगा. गुडघा कसा आहे? जिना आता तरी कडेकडेनं उतरता की अजून हट्टानं मधोमध? काकूचा चष्मा सापडला का? (मागच्या वेळी तो फ्रिजमध्ये होता. आधी तिथे बघा.) माझी तब्येत ठीक. काकूनं विचारलंच तर जेवतो म्हणून सांगा; काय जेवतो ते सांगू नका. शनिवारी अकराला तुमचा सत्कार आहे हे मी विसरलेलो नाही. चौतीस वर्षं बसची तिकिटं तपासलेल्या माणसाचा सत्कार, आणि त्या माणसाकडे घालायला त्याचा कोट नाही, यातली लाज मला कळते. खात्यानं गणवेश शेवटच्या दिवशी परत घेतला, तोही बटणं मोजून, हे तुम्ही मला सांगितलं होतं. त्या दिवशी तुम्ही म्हणाला होतात, आता स्वतःचा म्हणून एवढा एकच कोट राहिला, उभं राहायचं तर त्यातच. ते वाक्य माझ्या डोक्यात गेले चार दिवस सकाळ-संध्याकाळ वाजतंय. तेव्हा पुतण्या निर्लज्ज आहे असं काकूला सांगत बसू नका. तो पुढच्या पानावर आहे.

तुम्ही नेहमी विचारता की तू दिवसभर नक्की करतोस काय. आता सांगतो, कारण कोट त्यातच अडकलाय. आमची कंपनी म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. सात माणसं, सहा खुर्च्या (एक जण कायम मीटिंगमध्ये उभा असतो, त्याला लागत नाही). सगळ्यांच्या कपड्यांना रबराचा वास. मी तिथे तीन महिन्यांच्या बोलीवर आहे. तीन महिने उद्या, शुक्रवारी संपतात. उद्या अकरा वाजता लाँड्रीचा मालक आमच्याकडे येणार, स्क्रीनवर एक आकडा बघणार, आणि त्या आकड्यावरून मी कायम होणार की खाली टायरवाल्याकडे कामाला लागणार ते ठरणार. टायरवाला तसा चांगला माणूस आहे. पण त्याच्याकडे पंक्चर काढायला दोघं आहेत आणि दोघंही माझ्यापेक्षा हुशार आहेत.

लाँड्रीचं काम आमच्याकडे आलं तेव्हा ते अगदी साधं होतं. कपडा आला की त्याला शिवलेल्या पट्टीवरची खूण कंप्यूटरात टाकायची. खूण बरोबर असेल तर वरची फिरती दांडी सुरू होते आणि कपडा आपल्या जागी जाऊन लटकतो. न्यायला आलात की तीच खूण टाकायची, दांडी फिरून कपडा समोर. बरोबर खूण म्हणजे काय, तर आधी दोन अक्षरं, मग चार आकडे. संपलं. मला एवढंच करायचं होतं की टाकलेली खूण तशी आहे की नाही ते तपासायचं. मीटिंगमध्ये सगळे एकमेकांकडे बघत होते, तेव्हा मी म्हणालो, पाच मिनिटांचं काम आहे. (काका, आयुष्यात कुठेही काहीही म्हणा, हे म्हणू नका. तुमच्या खात्यात कुणी म्हटलं असतं तर तुम्ही त्याला दोन स्टॉप आधी उतरवलं असतं.)

आणि खरंच पाच मिनिटांत झालं, हीच तर गोष्ट आहे. अक्षरांच्या माळेला आमच्यात स्ट्रिंग म्हणतात. ती तपासायची म्हणजे तुम्ही बसमध्ये चढून करायचात तेच. पहिल्या सीटपासून सुरू करायचं, एकेकाकडे बघायचं, ज्याच्याकडे तिकीट नाही तो सापडला की शिट्टी. शेवटच्या सीटपर्यंत कुणी सापडलं नाही की गाडी पुढे. मी अगदी तसंच लिहिलं. तुमच्यावरून सुचलं असं ऑफिसात सांगितलंही. आमच्या टीम लीडनं मान डोलावली. (टीम लीड म्हणजे आमच्यावरचा, त्याला सगळे एकमिनिट म्हणतात, कारण त्याचं प्रत्येक वाक्य तिथून सुरू होतं आणि तासाभरानं संपतं.)

पहिल्या दिवशी दहा वाजता इस्त्रीवाल्यांचा फोन आला की सगळ्या खुणा नापास. इस्त्रीवाले म्हणजे तुमचे तेच, तीस वर्षं तिथेच, तुमचा कोट वासावरून ओळखणारे. मी धावत गेलो. स्क्रीनवर खूण अगदी बरोबर दिसत होती. दोन अक्षरं, चार आकडे. शिट्टी वाजतच होती. मी पुन्हा टाकली, पास. त्यांनी टाकली, नापास. पुन्हा मी, पास. शेवटी ते म्हणाले, "तुला वशिला आहे वाटतं." पाच तास, काका. पाच तास मी त्यांच्या बोटांकडे बघत उभा. मग दिसलं: तीस वर्षं इस्त्री ओढून त्यांना सवय आहे की काम संपलं की हात जरा पुढे सरकवून टेकवायचा. खूण टाकून झाली की त्यांचा अंगठा कीबोर्डच्या खालच्या लांब पट्टीवर टेकायचा, आणि खुणेच्या शेवटी एक मोकळी जागा पडायची. दिसत नाही. पण माझ्या तपासणीच्या लेखी तिथे एक प्रवासी बसलेला, आणि त्याच्याकडे तिकीट नाही.

त्या मोकळ्या जागेवर ऑफिसात मीटिंग झाली. सात माणसं पडद्यावर काहीही नसलेल्या एका जागेकडे चाळीस मिनिटं बघत बसलो. एकमिनिट म्हणाला, एक मिनिट, ही जागा आपण काढतोय, पण ती ग्राहकाची असेल तर? कुणी हसलं नाही. उलट दोघांनी ते लिहून घेतलं.

मी प्रोग्रॅममध्ये मागची-पुढची मोकळी जागा पुसून टाकायची ओळ घातली. आता ऐका, खरी गंमत इथे आहे, आणि ती ऐकून तुम्ही मला फोन करणार आहात, तर आधीच सांगतो, करू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटरवर मालकाचा मेव्हणा बसला होता. त्याला खुणा टाकायचाच कंटाळा आला. त्यानं नुसताच अंगठा टेकवला आणि कंप्यूटरला पुढे हो म्हणून सांगितलं. माझ्या नव्या ओळीनं ती मोकळी जागा पुसली. राहिलं काय? काहीच नाही. मग तपासणी चढली रिकाम्या बसमध्ये. पहिल्या सीटपासून शेवटच्या सीटपर्यंत बघितलं. बिनतिकिटाचा कुणी सापडला का? नाही. मग गाडी पुढे. काहीच न टाकता खूण बरोबर ठरली, काका. जिथे काहीच नाही तिथे चूक निघणार कुठून? (हे मला तेव्हा कळलं. आमच्या एकमिनिटला नोकरीत बढत्या कशा मिळाल्या हेही तेव्हाच कळलं.)

दुपारपर्यंत चाळीस कपडे दांडीवर चढले, सगळ्यांची खूण एकच: काही नाही. संध्याकाळी लोक न्यायला आले. मेव्हणा पुन्हा अंगठा टेकवी, दांडी फिरे, आणि समोर येईल तो कपडा खूण बरोबर म्हणून हातात. बेकरीवाल्या जाड्या माणसाला शाळेतल्या मुलीचा ब्लेझर मिळाला. त्यानं एक हात घालून बघितला, धुतल्यावर आटतं म्हणाला, आणि घेऊन गेला. एका नर्सबाईंना जाड पडदा मिळाला. त्या मात्र भांडल्या. आणि त्या दिवशीचा अहवाल, काका, आजवरचा सर्वांत उत्तम. चुका शून्य. मालकानं सगळ्यांना चहा पाजला. मी पण प्यालो. मला अजून माहीत नव्हतं.

कळल्यावर मग कडक नियम झाले. रिकामं चालणार नाही, हा पहिला. त्यानंतर ऑफिसातल्या प्रत्येकानं एकेक सुचवला, कारण मीटिंगला येऊन काही न सुचवता जाणं आमच्यात बरं दिसत नाही. लहान अक्षरं नकोत. चारही आकडे शून्य नकोत. एकसारखी दोन अक्षरं नकोत (का, ते विचारल्यावर ज्यानं सुचवलं तोच म्हणाला, बघायला बरं वाटत नाही). असे तेरा झाले. पाच मिनिटांच्या कामाला तीन आठवडे झाले होते, आणि मला वाटलं की मीही काहीतरी भरीव सुचवावं. तेव्हा चौदावा नियम माझा. चुकीच्या खुणेचा कपडा दांडीवर न जाता थेट एका कुलूपबंद कपाटात पडेल, आणि ते कपाट आतल्या कपड्याची बरोबर खूण टाकल्याशिवाय उघडणार नाही. ज्या कपड्याला बरोबर खूण नाही म्हणूनच तो आत पडतो, तो बरोबर खूण टाकून बाहेर कसा काढायचा, हे त्या मीटिंगमध्ये कुणी विचारलं नाही. मला वाटलं, कुणीतरी विचारेल. सगळ्यांनाच तसं वाटलं. टाळ्या वाजल्या.

आता तुमच्या कोटाकडे येतो. (तुम्ही मधली पानं गाळून इथेच वाचायला सुरुवात केली असेल तर परत मागे जा, मी ती हातानं लिहिलीत.) लाँड्रीच्या जुन्या गिऱ्हाइकांच्या कपड्यांना पट्टी नव्हतीच. इस्त्रीवाल्यांच्या शाईच्या खुणा होत्या, कॉलरच्या आत. कुणाचा एक ठिपका, कुणाचं वर्तुळ, कुणाचा चिमणीचा पाय. तुमचे तीन ठिपके आणि खाली तिरकी रेघ. कुठेही लिहून ठेवलेलं नाही, सगळं त्यांच्या डोक्यात. मालक म्हणाला, डोकं घरी जातं, कंप्यूटर इथेच राहतो. मग पट्ट्या शिवायचं ठरलं. एकोणीसशे कपडे. इस्त्रीवाले आणि मी, समोरासमोर स्टुलांवर, दोन आठवडे. माझ्या बोटांना सुईची एवढी भोकं पडली की मी पाणी प्यालो तर हातातून गळेल असं ते म्हणायचे. एकोणीसशेतल्या अठराशे नव्व्याण्णव कपड्यांना पट्ट्या लागल्या. एकाला नाही. तो कपडा तेव्हा तुमच्या कपाटात होता, आणि मी घरी सुईदोरा घेऊन आलो तेव्हा तुम्ही काय म्हणालात ते आठवा.

तुम्ही म्हणालात, माझ्या कोटाला परकी सुई लागायची नाही. मी म्हणालो, परकी कुठे, माझीच आहे. तुम्ही म्हणालात, तीच म्हणतोय मी. काकू आतून हसली. मग तुम्ही म्हणालात, सव्वीस वर्षं ती खूण चालली, एकदा कोट चुकला नाही, आता कंप्यूटरला काय धाड भरली? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. पण उत्तर नसताना नियम लावणं हे मी तुमच्याकडूनच शिकलोय. बाबांना तुम्ही भर दुपारी बसमधून उतरवलंत, सख्ख्या भावाला, पास घरी राहिला होता म्हणून. बाबा म्हणाले, अरे मी आहे. तुम्ही म्हणालात, दिसतंय मला, पास दिसत नाही. तर काका, तुमच्या कोटाच्या बाबतीत नेमकं तेच झालं. सोमवारी तो लाँड्रीत आला. इस्त्रीवाले लगेच म्हणाले, हा तपासनीस साहेबांचा. मेव्हण्यानं तीन वेळा टिंब दाबलं, मग तिरकी रेघ दाबली, अंगठा टेकवला. कंप्यूटरला कोट दिसत होता. खूण दिसत नव्हती. कोट धुवून, इस्त्री होऊन, कपाटात. खट.

मी हातपाय गाळून बसलो असं समजू नका. आधी नव्या पट्टीचा विचार केला. पण पट्टी शिवायला कोट बाहेर पाहिजे, कोट बाहेर यायला बरोबर खूण पाहिजे, आणि बरोबर खूण पट्टीवर असते. या वाटेनं मी तीनदा फिरून आलो. इस्त्रीवाले म्हणाले, बाजूचे चार स्क्रू काढ, दार हातात येतं. मालक म्हणाला, स्क्रू काढायचे होते तर मी सिस्टिम कशाला आणली? (या बाजूनं बघितलं तर त्याचंही बरोबर आहे. या घोळात सगळ्यांचंच बरोबर आहे, म्हणून तर कोट आत आहे.) मग मी गुपचूप एक ओळ लिहिली: कोट काकांचा असेल तर सोड. सुंदर ओळ होती. आजवर लिहिलेल्यांत मला सर्वांत आवडलेली. पण आमच्याकडे प्रत्येक ओळ दुसऱ्यानं वाचल्याशिवाय पुढे जात नाही, आणि माझ्या ओळी एकमिनिट वाचतो.

तो म्हणाला, एक मिनिट, हे काका कोण?

मी म्हणालो, माझे.

तो म्हणाला, ते ठीक, पण सिस्टिममध्ये ते कोण?

सव्वा तास मीटिंग झाली, काका. तुमच्यावर. फळ्यावर मधोमध काका लिहून त्याला चौकोन केला. पहिला प्रश्न असा की काका ही बदलणारी गोष्ट आहे की न बदलणारी, कारण आमच्यात दोन्ही वेगवेगळ्या प्रकारे लिहितात. मी म्हणालो, निदान माझ्या जन्मापासून तरी बदललेले नाहीत. तेव्हा न बदलणारी असं ठरलं आणि तुम्हाला ठळक अक्षरात लिहिलं गेलं. दुसरा प्रश्न, उद्या दुसऱ्या कुणाचा काका आला तर? तिसरा, मामा आले तर? मीटिंगमध्ये कायम उभा असणारा तो म्हणाला, मग सगळ्या नात्यांची यादीच करू, आणि कुणाला कितपत सोडायचं ते नात्यावर ठरवू. सासऱ्यांवरून वीस मिनिटं गेली. शेवटी निर्णय असा झाला की काकांचा प्रश्न महत्त्वाचा आहे, तो घाईघाईनं सोडवणं काकांवर अन्याय होईल, आणि तो तीन महिन्यांनी घ्यावा. माझी ओळ काढून टाकली. फळ्यावरचे तुम्ही मात्र अजून आहात. पुसू नका असं खाली लिहिलंय.

असं आहे सगळं. वाचल्यावर तुमचा राग उतरला नसेल, पण निदान कुणावर काढायचा ते तरी ठरवता यावं म्हणून इतकं लिहिलं. गुडघ्याला शेक देत जा. काकूला म्हणावं, काळजी करू नको. बाकी इकडे सगळं जिथल्या तिथे आहे, विशेषतः कोट.

तुमचाच (हे तपासून घेतलंय),
पुतण्या

ता.क. ० (आमच्यात शून्यापासून मोजतात) : पत्राबरोबर एक कागद आहे, तो आधी दिसू नये म्हणून चार घड्या घालून ठेवलाय. उद्याच्या अकराच्या अहवालात एकच रकाना बघितला जाणार आहे: कपाटात अडकलेले कपडे. तिथे शून्य असेल तर मी कायम. सध्या तिथे एक आहे, आणि तो एक म्हणजे तुम्ही. एकाचं शून्य करायचे दोनच मार्ग आहेत. कोट बाहेर येणं, ते वर सांगितलंच. नाहीतर तो कोट कधी कुणाचा नव्हताच असं होणं. सिस्टिममध्ये तशी सोय आहे: कपड्यावर गिऱ्हाइकाचा दावा नाही असं गिऱ्हाइकानंच लिहून दिलं की कपडा यादीतून जातो. (कपाटातून नाही. यादीतून.) कागदावर एवढंच आहे: माझ्याकडे कोट नव्हता व नाही. खाली सही. चौतीस वर्षांत तुम्ही निदान एकदा तरी कुणाकडे बघून न बघितल्यासारखं केलं असेल, काका. केलंच असेल. मला त्याच्या शेजारी बसवा. उद्या नऊच्या सुमारास मी हे पत्र दाराखालून सरकवीन, घंटी वाजवणार नाही. तुम्ही सही करून कागद तसाच बाहेर सरकवा. साडेदहाला येऊन नेतो.

ता.क. १ : शुक्रवार, सकाळी साडेआठ, लाँड्रीच्या पायरीवर. तुम्हाला नुसतं लुबाडतोय असं वाटू नये म्हणून सत्कारासाठी कोटाची सोय केली आहे. तुमच्या दाराच्या मुठीला अडकवून जाईन. हा तुमचा नाही. पण रंग जवळपास तोच, बाह्या किंचित लांब (काकू आत दुमडून देईल), आणि मुख्य म्हणजे पट्टी व्यवस्थित. मी खूण टाकली, पहिल्या फटक्यात पास, चौदाच्या चौदा नियमांत. कोण नेतंय ते सिस्टिम विचारत नाही. इस्त्रीवाल्यांनी चष्म्यावरून बघितलं. म्हणाले, "हा तपासनीस साहेबांचा नव्हे." मी म्हणालो, पण बरोबर आहे. ते इस्त्रीवर पाणी शिंपडून बघत राहिले. शनिवारी संध्याकाळी परत द्या, ज्याचा आहे त्याला रविवारपर्यंत पत्ता लागणार नाही.

ता.क. २ : हे तुमच्या जिन्यात उभ्यानं लिहितोय, लाँड्रीच्या पावतीच्या पाठीवर, कारण पत्र आणि तो कागद आत्ताच दाराखालून आत गेले आणि बोट घालून ओढले तरी परत येत नाहीत. कोट मुठीला अडकवताना आतल्या खिशातून दोन पानं पडली. ज्यांचा कोट, त्यांनीही तो शनिवारसाठीच धुवायला दिला होता. तुमच्या डेपोचे जुने मोठे साहेब, उद्याचे प्रमुख पाहुणे. पानं म्हणजे त्यांचं भाषण. वाचायला नको होतं, वाचलं. लिहिलंय की आम्ही सगळ्यांनीच कधी ना कधी कुणाला तरी सोडलं, साहेब लोकांनी तर जास्तच. ह्या माणसानं नाही. आणि आजही ह्यांच्यासमोर उभं राहिलं की माझा हात आपोआप खिशाकडे जातो. काका, माझाही गेला. खिशात ही पावती होती, दुसरं काही नाही. भाषण घडी घालून परत आत ठेवलंय. त्यांचा कोट त्यांना तुम्हीच द्या, काय सांगायचं ते तुम्हाला माझ्यापेक्षा बरं जमेल. साडेदहाला मी कागद न्यायला येणार नाही. आत तुमच्या चपला वाजतायत, गुडघा दुखतोय अजून, ऐकू येतंय. पावती सरकवतो. तुम्ही कोण आहे म्हणून विचारताय. कुणी नाही काका, निघालो.